काळ्या दगडावरची रेघ

घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर घर पाहायला गेलेल्या माणसाच्या हातात जे गुळगुळीत माहितीपत्रक पडते, त्यात सुविधांच्या यादीत एक ओळ हमखास असते : ‘भूकंपरोधक आरसीसी बांधकाम’. व्हिट्रिफाइड टाइल्स आणि व्हिडिओ डोअर फोन यांच्या शेजारी ती निमूट बसलेली असते. घेणारा ती वाचत नाही, विकणारा तिच्यावर बोलत नाही. पण या ओळीमागे एक पक्के मत उभे आहे, आणि ते एकट्या बिल्डरचे नाही. आरसीसी कन्सल्टंट, पालिकेतले अभियंते, सोसायट्यांचे सेक्रेटरी, अशा सगळ्यांचे ते आहे. इमारत आणि तिचा पाया यांच्यामध्ये रबरी बेअरिंगे घालून इमारतीला जमिनीच्या हादऱ्यातून सोडवायचे, या तंत्राला बेस आयसोलेशन म्हणतात. त्याचा विषय काढा, की उत्तर तयार असते : ‘ते जपानचे. आपल्याला त्याची काय गरज?’

काळ्या दगडावरची रेघ असावी इतक्या खात्रीने हे बोलले जाते. ती रेघ चुकीच्या जागी ओढली आहे, असे माझे म्हणणे आहे. मात्र शास्त्रार्थाचा जुना दंडक असा, की खंडन करण्याआधी पूर्वपक्ष इतका नीट मांडावा की तो पक्ष घेणाऱ्यानेही ‘मला हेच म्हणायचे होते’ अशी मान डोलवावी. तो दंडक मी पाळतो. न्यायासनावर वाचक आहेत.

पूर्वपक्ष असा. एक : ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे दख्खनच्या कठीण बेसाल्टवर वसली आहेत आणि भारतीय मानकाच्या नकाशात ती झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतात. हिमालयाची किंवा कच्छची भीती इथे आणण्याचे कारण नाही. दोन : आयएस १८९३ आणि आयएस १३९२० या मानकांनुसार बांधलेली इमारत पुरेशी सुरक्षित आहे. तिच्याखाली आणखी बेअरिंगे घालणे म्हणजे छत्रीवर छत्री धरणे. तीन : हे तंत्र उंच टॉवरांचे आणि श्रीमंत देशांचे आहे. चार : आपल्याकडे देखभाल नावाची गोष्ट नाही. इमारतीभोवती सोडलेल्या फटीत दोन पावसाळ्यांत गाळ आणि कचरा भरेल. पाच, आणि हा सर्वांत वजनदार : इथल्या इमारती पडायला भूकंप लागतच नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघर भागात लकी कंपाउंडमधली अनधिकृत, अर्धवट बांधलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. जमीन तसूभरही हलली नव्हती. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेत चौथ्या मजल्याचा स्लॅब खालपर्यंत येऊन सहा जण दगावले. बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवणाऱ्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडायला उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. अशा गावात आधी साध्या कॉलमला साधी सळई नीट घाला, जपान नंतर पाहू.

हे आक्षेप अडाण्यांचे नाहीत. दोन आक्षेपांत सत्याचा मोठा अंश आहे आणि तो मी वेळेवर कबूल करीन. पण अंश सत्य असला म्हणून निष्कर्ष सत्य ठरत नाही.

पहिला आधार खडकाचा. आपला दगड कठीण आहे म्हणून तो स्वस्थ आहे, ही समजूत भूगर्भाला मान्य नाही. भूकंप होतो तो कठीण दगडातच. चिखल ताण साठवत नाही, दगड साठवतो. १९६७ पर्यंत कोयनेचा परिसर भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता. त्या वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर हादरले. भूकंपाचे मान सहाच्या वर होते आणि त्याचा धक्का ठाण्या-मुंबईलाही जाणवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. पुढे २००२ च्या नकाशातून झोन एक हा प्रकारच काढून टाकावा लागला. दोन्ही वेळा पायाखाली हाच काळा दगड होता, आणि दोन्ही वेळा नकाशा भूकंपाच्या मागून चालत आला. मग नकाशातल्या रंगाला अभयपत्र समजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. शहापूर तालुक्यात भातसा धरणाचा जलाशय भरला आणि १९८३ मध्ये त्या परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यातला सर्वांत मोठा धक्का पाचाच्या जरा खालचा होता. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन् महिने जमीन थरथरत राहिली आणि धुंदलवाडीसारख्या गावांत लोक घराबाहेर तंबूत झोपले. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांत आपण श्रद्धेने आंघोळ करतो, ते ऊन पाणी खोल भेगांतून वर येते. अखंड कातळातून गरम पाणी येत नाही. उद्या ठाण्यात किल्लारी होईल असे यातून निघत नाही आणि मी तसे म्हणतही नाही. निघते ते एवढेच, की ‘खडक आहे’ हा युक्तिवाद पुरावा म्हणून दाखल करून घेता येणार नाही.

उरला ‘झोन तीन’. याचे उत्तर अहमदाबादने दिले आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र भुजजवळ, अहमदाबादपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर होते. अहमदाबादेत एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावरच्या यंत्राने जमिनीचे त्वरण गुरुत्वाच्या साधारण ११ टक्के नोंदवले. झोन तीनसाठी मानक ज्या सर्वांत मोठ्या हादऱ्याची कल्पना करते तो १६ टक्क्यांचा आहे. म्हणजे कल्पनेपेक्षा कमीच हादरा बसला. तरीही त्या शहरात बहुमजली आरसीसी इमारती डझनांनी कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे गेली. पडलेल्यांपैकी बहुतेक चार-पाच मजली होत्या. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम. स्टिल्ट. डोंबिवलीकराला हे चित्र समजावून सांगावे लागेल काय?

अहमदाबाद साबरमतीच्या खोल गाळावर आहे, आपण खडकावर, हे मान्य. त्या इमारतींनी मानक पाळले नव्हते, हेही मान्य. म्हणून अहमदाबादवरून बेस आयसोलेशन हवेच असे सिद्ध होत नाही. झोन तीन हा निर्दोषत्वाचा दाखला नाही, इतके मात्र सिद्ध होते. मला तेवढेच सिद्ध करायचे होते.

आता दुसरा मुद्दा : मानक पाळले की पुरे. इथे वाचकांना थोडे गणित सोसावे लागेल, पण न्याय करायचा तर हिशेबाची वही उघडावीच लागते. झोन तीनचा गुणांक ०.१६. त्याचा अर्धा, ०.०८, हा आराखड्यासाठी धरायचा हादरा. ठेंगण्या, ताठ इमारतीत तो अडीच पटींनी वाढतो असे मानकाचा आलेख सांगतो. म्हणजे इमारतीवर तिच्या वजनाच्या २० टक्के आडवा जोर येऊ शकतो, हे मानकाला ठाऊक आहे. मग आराखडा किती जोरावर करायचा? चांगल्या लवचीक चौकटीसाठी या आकड्याला पाचाने भागायची मुभा आहे. उत्तर ४ टक्के.

वीस टक्के येणार हे माहीत असून चारवर आराखडा. उरलेले सोळा कुठे जातात? काही भाग सुरक्षा गुणांकांतून आलेल्या जादा ताकदीवर भागतो. बाकीचा इमारत स्वतःच्या अंगावर घेते : बीमची टोके तडकतात, सळया ताणल्या जातात, भिंती फुटतात, आणि या मोडतोडीत हादऱ्याची ऊर्जा जिरते. कॉलममधल्या रिंगा जवळजवळ आणि टोके १३५ अंशांत आत वळवून का बांधायच्या, तर ही मोडतोड होत असताना काँक्रीट विखरू नये म्हणून. ही फसवणूक नाही. जगभरच्या अभियंत्यांनी डोळे उघडे ठेवून केलेली ती तडजोड आहे, कारण शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी प्रत्येक घर किल्ल्यासारखे बांधणे परवडत नाही. पण तडजोडीचा मसुदा नीट वाचा. सामान्य इमारतीला मानकाने एकच वचन दिले आहे : आतली माणसे जिवंत बाहेर येतील. त्यानंतर इमारत वापरता येईल, असे वचन त्यात नाही. रुग्णालयासाठी जोर दीडपट धरायचा, म्हणजे चाराचे सहा होतात. वीस तरीही दूरच राहतात.

राहत्या घरासाठी हे वचन चालते. घर मोडले तर माणूस बहिणीकडे जाईल, शाळेत राहील, वर्षभराने पुन्हा उभा राहील. पण अतिदक्षता विभागातल्या माणसाला ‘जिवंत बाहेर या’ म्हणून सांगता येईल का? ऑपरेशन टेबलावरच्या बाईला?

लॉस एंजेलिस परिसरातल्या दोन रुग्णालयांची साक्ष मी इथे काढतो. ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपात मोडले होते. ते पुन्हा बांधताना हात आखडला नाही. सांगाडा इतका दणकट केला की १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात तो हलला पण मोडला नाही. त्याच शहरातले दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रुग्णालय रबरी बेअरिंगांवर उभे होते. ऑलिव्ह व्ह्यू केंद्राच्या जवळ होते आणि तिथला हादरा मोठा होता, हे प्रतिपक्षाने सांगण्याआधी मीच सांगतो. म्हणून आकडे शेजारी ठेवू नका, गुणोत्तरे ठेवा. ऑलिव्ह व्ह्यूत पायथ्याशी गुरुत्वाच्या ०.८२ पट असलेले त्वरण छपरापर्यंत २.३१ पट झाले, म्हणजे जवळजवळ तिप्पट. दुसऱ्या रुग्णालयात पायाशी ०.३७ होते ते छपराशी ०.२१ उरले, अर्ध्याच्या जरा वर. पहिल्यात पाण्याचे नळ फुटले, मजल्यांवर पाणी झाले, रुग्ण हलवावे लागले. दुसरे चालू राहिले. एक इमारत उभी राहिली आणि बंद पडली. दुसरी उभी राहिली आणि कामाला लागली. ‘भूकंपरोधक’ या शब्दात हा फरक मावतो का?

तिसरा मुद्दा उंचीचा आणि श्रीमंतीचा. प्रचलित मत इथे नुसते चुकलेले नाही, उलटे टांगलेले आहे.

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्याला बेस आयसोलेशनचे तत्त्व शिकवावे लागत नाही. गाडीने हिसका दिला की ताठ उभा असलेला माणूस पडतो. गुडघे सैल सोडणारा डोलतो आणि उभा राहतो. इमारतींचेही असेच आहे. प्रत्येक इमारतीचा डोलण्याचा आपला एक काळ असतो. पाच मजली, विटांच्या भिंती भरलेली इमारत एक हेलकावा सुमारे ०.४ सेकंदात पुरा करते. खडकावर बसणारा हादरा नेमक्या याच सुमारास सर्वाधिक झोंबतो. तिच्याखाली रबर आणि पोलादाच्या पातळ थरांची बेअरिंगे घातली, की तिचा काळ दोन सेकंदांवर जातो. मानकाच्या आलेखात खडकासाठी ०.४ सेकंदाला आकडा आहे २.५. दोन सेकंदांना आहे ०.५. जोर पाचवा हिस्सा झाला. बेअरिंगाच्या पोटातला शिशाचा गाभा त्या डोलण्याला लगाम घालतो आणि रोजच्या वाऱ्यात इमारत हलू देत नाही. शिशाची ही युक्ती न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सनची, गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकातली.

आता घोडबंदरचा तीस मजली टॉवर घ्या. उंची ९० मीटर. मानकाच्याच सूत्राने त्याचा काळ आधीच दोन सेकंदांच्या आसपास येतो. ज्याचे गुडघे मुळातच सैल आहेत त्याला आणखी सैल करून काय मिळणार? जपानात उंच इमारतींनाही बेअरिंगे बसवतात, पण तिथले हादरे वेगळे आणि हिशेबही वेगळा. आपल्या परिस्थितीत टॉवरला बेस आयसोलेशन आणि तीन-चार मजली रुग्णालयाला नुसते ‘मानकानुसार’, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. हे तंत्र ठेंगण्या, ताठ इमारतींचे आहे. टॉवरचे नव्हेच.

दख्खनचा दगड याला दुजोरा देतो. कोयनेच्या धरणातल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने १९६७ चा हादरा टिपला. त्यात त्वरणाचा सर्वोच्च आकडा गुरुत्वाच्या ६३ टक्क्यांपर्यंत गेला होता. धरणाच्या अभियांत्रिकीत तो आलेख आजही जगभर वापरला जातो. त्याचा स्वभाव पाहा : तुटक, झटकेदार, कमी काळाच्या लहरींनी भरलेला. जवळच्या, मध्यम आकाराच्या, कठीण खडकातल्या भूकंपाचा स्वभाव असाच असतो. अशा झटक्यांचा मार ठेंगण्या इमारतींना बसतो, आणि बेस आयसोलेशन सर्वांत चांगले चालते तेही याच झटक्यांपुढे. ‘आपल्याकडे खडक आहे’ हे वाक्य प्रतिपक्षाने आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून आणले होते. उलटतपासणीत तो माझ्या बाजूने बोलतो.

‘झोन तीन’चेही तसेच. बेअरिंगांवरची इमारत सरकते, म्हणून तिच्याभोवती मोकळी फट ठेवावी लागते. ती किती? खडकावर, दोन सेकंदांचा काळ धरून, झोन पाचच्या कमाल हादऱ्याला सरकणे प्राथमिक हिशेबाने १८ सेंटिमीटर येते. झोन तीनच्या कमाल हादऱ्याला ८. पिळवटण्यासाठी आणि सावधगिरीसाठी त्यात भर घालावी लागेल, आणि हा आकडा म्हणजे आराखडा नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे. बेअरिंग लहान, फट अरुंद, जोडनळ्या आखूड. मध्यम धोका हे या तंत्राला नकार देण्याचे कारण नाही. ते सोपे होण्याचे कारण आहे.

राहिली श्रीमंती. बेस आयसोलेशन जपानहून येण्याची वाट कोणी पाहत असेल तर त्याला सांगायला हवे, की ते महाराष्ट्रात केव्हाच येऊन गेले. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या किल्लारीत एक शाळा आणि एक दुकानसंकुल अशा दोन एकमजली, विटांच्या इमारती रबरी बेअरिंगांवर बांधल्या गेल्या. भारतातले हे पहिले प्रात्यक्षिक मराठवाड्यातले, टोकियोतले नव्हे. पुढे भुजचे सरकारी रुग्णालय २००१ मध्ये कोसळले, तेव्हा त्याच्या जागी आलेले रुग्णालय याच तंत्राने बांधले गेले. आता तर भारतीय मानकाचा स्वतंत्र भागही आहे : आयएस १८९३, भाग ६, सन २०२२. तुर्कस्तानाने २०१३ मध्ये धोक्याच्या पट्ट्यांतल्या शंभराहून अधिक खाटांच्या नव्या रुग्णालयांना बेस आयसोलेशन सक्तीचे केले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात हाताय प्रांतात इस्केंदेरूनच्या सरकारी रुग्णालयाचा एक भाग कोसळला. त्याच प्रांतातले दोर्तयोलचे बेअरिंगांवरचे रुग्णालय चालू राहिले. तुर्कस्तानचा भूकंप आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, हे खरे. पण तुर्कस्तान म्हणजे जपान नव्हे, हेही खरे.

खर्चाबद्दल दोन वाक्ये. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार रुग्णालयाच्या एकूण किमतीत सांगाड्याचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली असतो. बाकी सगळे भिंती, नळ, वायूवाहिन्या, लिफ्ट, यंत्रे. आपण नेमके त्या दहा टक्क्यांना वाचवण्याचे मानक पाळतो आणि नव्वद टक्के दैवावर सोडतो. याला काटकसर म्हणायचे?

इथे मी माझ्याच पक्षाविरुद्ध एक साक्ष देतो. सगळे ठाणे खडकावर नाही. कळवा, कोपरी, दिवा, मोठागाव, दुर्गाडी इथल्या खाडीकाठाला खडकावर चिखलाची जाड गादी आहे आणि तिच्यावर भराव. अशी जमीन हादऱ्याचे झटके गिळते आणि संथ, लांब हेलकावे वर पाठवते. १९८५ मध्ये मेक्सिको शहरात तळ्याच्या जुन्या गाळाने साडेतीनशे किलोमीटरवरच्या भूकंपाचे दोन सेकंदांचे हेलकावे केले आणि त्या तालाशी जुळणाऱ्या इमारती पाडल्या. दोन सेकंदांवर डोलणारी बेअरिंगे तिथे मित्र नसून वैरी ठरतात. मऊ जमिनीसाठी मानकाचा आलेखही जोर पाचवा नाही, जेमतेम तिसरा हिस्सा करतो. तेव्हा बोअर मारून माती तपासल्याशिवाय कोणी बेस आयसोलेशन सुचवत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे. वागळे इस्टेटला जे लागू पडेल ते रेतीबंदरला पडेलच असे नाही.

चौथा मुद्दा देखभालीचा. रबर किती टिकेल, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुने. पूल रबरी बेअरिंगांवर ठेवण्याची रीत गेल्या शतकाच्या पन्नाशीतली. आपले उड्डाणपूल अशाच बेअरिंगांवर बसलेले आहेत आणि आपण रोज त्यांच्यावरून जातो. प्रश्न रबराचा नाही, फटीचा आहे. फट बुजली की बेस आयसोलेशन संपले. आणि आपल्याकडे ती बुजेल, ही प्रतिपक्षाची भीती खरी आहे. सोसायटीत कोणीतरी तिच्यावर लादी बसवील, कोणी तिथे स्कूटर लावील, प्लंबर लवचीक जोडनळी काढून सरळ पाइप घालील. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच हे तंत्र ऐंशी फ्लॅटधारकांच्या सोसायटीत नको. जिथे मालक एक, जबाबदार अधिकारी एक आणि वार्षिक तपासणीची नोंदवही एक, तिथेच ते शोभते. म्हणजे कुठे? पुन्हा तिथेच. रुग्णालयात, अग्निशमन केंद्रात, नियंत्रण कक्षात.

आता पाचवा आणि खरा मुद्दा. ज्या शहरात इमारती भूकंपाविना पडतात तिथे ही चैन कशाला?

या आक्षेपातला पहिला अर्धा भाग मला शिरसावंद्य आहे. शीळच्या इमारतीला बेअरिंगांनी वाचवले नसते. सडलेल्या कॉलमखाली रबर घालणे हा कॉलमचाही अपमान आणि रबराचाही. तिथे हवी आहे प्रामाणिक सळई, धुतलेली वाळू आणि परवानगीच्या कागदावर खरी सही. स्टिल्टवर उभ्या असलेल्या जुन्या इमारतींना तळमजल्यावर काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घालून कणा द्यायला हवा. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे, पण त्या ऑडिटात हातोडीने काँक्रीटची ताकद पाहिली जाते, गंजलेली सळई पाहिली जाते आणि भूकंपाचा आडवा जोर बहुधा हिशेबातच येत नाही. जुन्या इमारती भूकंपाच्या दृष्टीने तपासण्यासाठी आयएस १५९८८ हे मानक २०१३ पासून उपलब्ध आहे. ते वापरा. यावर माझा आणि प्रतिपक्षाचा वाद नाही.

वाद आहे तो दुसऱ्या अर्ध्यावर. घरे कच्ची आहेत, म्हणून रुग्णालयही साधेच चालेल, हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो? उद्या मध्यम हादरा बसला, अहमदाबादइतका, आणि या लाखोंच्या वस्तीतल्या दुबळ्या इमारतींपैकी थोड्याच पडल्या, तरी त्या सकाळी जखमी किती असतील? ते कुठे जातील? खाडीपलीकडचे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणचे रुक्मिणीबाईत, डोंबिवलीचे शास्त्रीनगरात. खाडीचा पूल किंवा रेल्वेवरचा उड्डाणपूल तपासणीसाठी तासभर जरी बंद राहिला, तरी ठाणे आणि कळवा ही दोन गावे होतात, डोंबिवली पूर्व आणि पश्चिम ही दोन गावे होतात. मग ज्या काठावर जे रुग्णालय आहे, त्या काठाला तेवढेच. टोकियोत घरे पक्की आहेत. तिथे रुग्णालय काही तास बंद पडले तर दाराशी गर्दी कमी असेल. आपल्याकडे दाराशी रांग असेल आणि दार उघडणार नाही.

घरे कच्ची असणे हा बेस आयसोलेशनविरुद्धचा पुरावा नाही. निवडक इमारतींत ते असलेच पाहिजे, याचा सर्वांत मोठा पुरावा तोच आहे. वस्ती जितकी कच्ची, रुग्णालय तितके पक्के हवे.

हे नुसते तर्काचे गणित नाही. मार्च २०११ च्या जपानी भूकंपात आणि त्सुनामीत इशिनोमाकी शहराची वाताहत झाली. तिथले रेड क्रॉस रुग्णालय बेअरिंगांवर उभे होते. ते चालू राहिले आणि त्या परिसराच्या वैद्यकीय मदतीचे केंद्र बनले. जपानकडून शिकायचे तर टॉवरची चमक शिकू नये. कोणती इमारत आधी वाचवायची, हा क्रम शिकावा.

खंडन झाले. आता मंडन, आणि ते लहान आहे, कारण मागणी लहान आहे. प्रत्येक घराला बेस आयसोलेशन, ही मागणी मी करत नाही. टॉवरच्या माहितीपत्रकात हा शब्द दिसला तर वाचकांनी सावध व्हावे, असेच सांगेन. मागणी एवढीच : ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत यापुढे सार्वजनिक पैशातून जे रुग्णालय, अग्निशमन केंद्र किंवा आपत्ती नियंत्रण कक्ष बांधला जाईल, त्याच्या निविदेआधी मातीचा अहवाल तयार व्हावा आणि त्यावरून दोन आराखडे व्हावेत, एक नेहमीचा आणि एक बेअरिंगांवरचा. दोघांचा खर्च आणि भूकंपानंतरची दोघांची अवस्था शेजारी-शेजारी मांडावी आणि तो कागद लोकांसमोर ठेवावा. खाडीकाठच्या मऊ जमिनीत नेहमीचा आराखडा जिंकला, तर तो जिंकू द्या. खडकावर दुसरा जिंकला, तर त्याला हरवायला ‘आपल्याला काय गरज’ हे वाक्य पुरणार नाही.

ठाण्याचे जुने विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय पाडून त्या जागी नवे, मोठे रुग्णालय उभे करण्याचे काम हाती घेतले आहे. अशी रुग्णालये पिढीतून एकदाच बांधली जातात. पायाचा निर्णय तर एकदाच होतो. रंग दर पाच वर्षांनी बदलता येतो, यंत्रे दहा वर्षांनी बदलता येतात. इमारत उचलून तिच्याखाली बेअरिंगे घालण्याचे कामही जगात झाले आहे, पण त्यात लागणारा पैसा आणि धीर आपल्या पालिकांजवळ असेल, असे प्रतिपक्षही म्हणणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी शहरातल्या एखाद्या रुग्णालयाचा प्रस्ताव सभेपुढे येईल, तेव्हा नगरसेवकाने, पत्रकाराने किंवा गॅलरीत बसलेल्या साध्या नागरिकाने एकच प्रश्न विचारावा : ‘भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे रुग्णालय चालू असेल का?’ ‘उभे असेल’ असे उत्तर आले, तर प्रश्न पुन्हा विचारावा.